अर्धवट उघडलेलं गेट

बेळगावच्या वडगावात आमच्या शेजारच्या काकू मागासाठी कांड्या भरतात. यंत्राला जुन्या गाडीची वायपरची मोटर लावलीय, १२ व्होल्टची. "वेग जरा कमी कर की रे, रेशीम तुटालंय," म्हणाल्या. मीही हौसेनं एक मॉसफेट ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेनंच चालू-बंद होणारं बटण, आणून पीडब्ल्यूएम जोडलं. म्हणजे व्होल्टेज कमी करायचं नाही, वीज नुसती भराभर चालू-बंद करायची. मोटरला सरासरी कमी पोचते.

सुरुवातीला सेकंदाला ४९० वेळा चालू-बंद होत होतं, तर मोटर बारीक कुंई करायची. शेजारी यंत्रमागांची खडखड, त्यात ती कुंई ऐकणार कोण? पण मला खुपली. चालू-बंदचा वेग सेकंदाला वीस हजारांवर नेला. कुंई गेली, आणि तासाभरात ट्रान्झिस्टरनं बोटाला असा चटका दिला की विचारू नका.

उत्तर सापडलं टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर. गेट बंद असलं की सगळे इंजिन बंद करून गप्प. उघडं असलं की सुळकन पार. सगळा ताप असतो तो दांडा वर जात असताना: हॉर्न, रेटारेटी, दुचाकीवाल्यांची वाकून घुसाघुशी.

मॉसफेटच्या एका पायाचं नावही गेटच! माझी मोटर तीन अँपिअर ओढते. पूर्ण उघडल्यावर या ट्रान्झिस्टरचा रोध जेमतेम १७.५ मिलिओहम, म्हणजे पाव वॅटसुद्धा जळत नाही. बंद असताना प्रवाहच नाही. पण अर्धवट उघडा असताना सहा व्होल्ट त्याच्या अंगावर आणि मोटरचे तीन अँपिअर पोटातून: अठरा वॅट! मी गेटला दिले होते पाच व्होल्ट, त्याला पुरतं उघडायला हवेत दहा. वर गेटच्या वाटेत १० हजार ओहमचा रोधक. त्यातून गेट भरायला दहा-वीस मायक्रोसेकंद सहज जातात, आणि चालू-बंदचा अख्खा फेराच पन्नासचा. बिचारा बराचसा वेळ दांड्याखालीच अडकलेला. (वीज तोडताना मोटर जो झटका मारते त्याला वाट द्यायला उलटा डायोड मात्र लावला होता, तेवढी अक्कल होती.)

रोधक १०० ओहमचा केला, गेटला १२ व्होल्ट देणारी छोटी ड्रायव्हर चिप बसवली. काकूंनी स्वतः बोट लावून पाहिलं. "गार हाय की!"

आता रेशीम संपून सुताचं काम आलंय. काकू वेगाचा नॉब एकदम शेवटपर्यंत फिरवतात, नाहीतर बंद.