दिवाणाखालची पेटी आणि जीजींचे बिबडे : आमची वाटचाल

आमच्या दिवाणाखाली एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात उरलेली लोकर असते. कुणाच्या भाच्याचा स्वेटर झाला, कुणाचं टोपरं झालं, की मागे राहिलेले गुंडे तिथे येऊन पडतात. सासूबाईंना आम्ही सगळे जीजी म्हणतो. गुंडा सुपारीएवढा उरला तरी त्यांचं ठरलेलं असतं, "फेकू नको व माय, कामले ई." अमळनेरातल्या आमच्या गल्लीत हे पसरलं आणि बायका आपापली उरलीसुरली लोकर आणून द्यायला लागल्या. आमच्या क्रोशाच्या धंद्याचं भांडवल विचाराल तर ही पेटी आणि चार नंबरची एक क्रोशाची सुई.

आधी नुसते चौकोन विणले. मध्ये साखळीचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे गट, कोपऱ्यात दोन साखळ्या, आणि दर फेरीला पेटीत हाताला लागेल तो रंग. शेवटची फेरी मात्र सगळ्या चौकोनांना काळ्या लोकरीची. तेवढीच विकत आणायची. त्या काळ्या काठामुळे बारा घरची लोकर एका घरची दिसते. लोकर बारीक असली तर दोन पदर एकत्र घ्यायचे. विणण्यात मजा असते, पण पाच रंग म्हणजे दहा टोकं, आणि ती सुईने आत लपवत बसणं म्हणजे शिक्षाच!

पहिली मोठी चूक माझीच. गरम भांडं धरायला म्हणून लोकरीच्या जाड पकडी विणल्या, चार-पाच विकल्याही. एका वहिनींनी कढई उतरवली तर पकड वितळून कढईच्या कानाला चिकटली. हात थोडक्यात वाचला. ज्याला आपण सरसकट लोकर म्हणतो ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, हे तेव्हा डोक्यात शिरलं. सगळ्यांचे पैसे परत केले. आता पेटीत आलेल्या प्रत्येक गुंड्याचा तुकडा काडीवर धरून बघते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो, खरी लोकर केस जळाल्यासारखी वासते, सुताची कागदासारखी राख होते. पकडी फक्त सुताच्या.

खाण्याचा धंदा ठरवून केलाच नाही. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथे एका वर्षी क्रोशाचं टेबल टाकलं. ऊन मी म्हणत होतं. त्या उन्हात लोकरीला हात कोण लावणार? दुपारपर्यंत एक तोरण गेलं, तेही ओळखीत. जीजींनी आमच्या तोंडी लावायला बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा आणला होता. सुरतेला स्थायिक झालेल्या एक आजी थांबल्या, तोरणांकडे ढुंकूनही न बघता डब्याकडे बोट केलं, "बिबडा शेतस का?" म्हणजे बिबडे आहेत का? संध्याकाळी घरातला सगळा साठा रिकामा, आणि तोरणं जशीच्या तशी परत.

बिबडे जीजींच्या हातचेच. ज्वारी कांडून तीन दिवस भिजत घालायची, पाणी रोज बदलायचं, मग वाळवून दळायची. पहाटे चारला चूल पेटते. आधणात मीठ, तीळ, लसूण, मिरची पडली की पीठ वैरायचं आणि गुठळी होऊ न देता घाटायचं. माझं काम थापायचं. ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापून, बाजेवर अंथरलेल्या जुन्या लुगड्यावर फडकं उलटं टाकायचं आणि अलगद सोडवायचं. सुरुवातीला माझे निम्मे फाटायचे. ते तिथेच कच्चं तेल घालून पोटात जायचे, त्यामुळे तोटा कुणालाच जाणवला नाही. अन्न नोंदणीही काढली. काढली तेव्हा वर्षाला 100 रुपये शुल्क होतं.

दोन्ही गोष्टी एका टेबलावर खऱ्या अर्थाने आल्या त्या रुखवतात. लग्नघरी तोरण, रुमाल हवेच असतात आणि बिबडे, कुरडया, सांजोऱ्याही. सांजोरी मात्र ऑर्डरशिवाय करत नाही, ती फार दिवस ठेवण्यात अर्थ नाही.

भावावरून घासाघीस रोजचीच. "लोकर फुकटची, मग एवढे कसे?" एका चौकोनाला मला 25 मिनिटं लागतात. टेबलक्लॉथला 36 चौकोन, म्हणजे 15 तास झाले, जोडणी वेगळी. हा हिशेब मी आता कागदावर लिहून भिंतीला लावलाय. काहीजणी वाचून गप्प पैसे देतात, काहीजणी वाचूनही पन्नास कमी करायला सांगतात.

दुसरी अडचण म्हणजे उरलेल्या लोकरीत एकासारखी दुसरी वस्तू होत नाही. बिबड्याची चव दरवर्षी तीच हवी, पण तोरणाचे रंग पेटी ठरवते. यंदा धुळ्याच्या एका बाईंना दोन बहिणींच्या लग्नासाठी अगदी सारखी दोन तोरणं हवी होती. नाही म्हटलं. बाजारातून नवी लोकर आणून करता आली असती, पण मग माझ्याकडून कशाला घ्यायची? शेवटी दोन वेगळी नेली. दोघी बहिणींना मोरपंखी काठाचंच हवं होतं म्हणे.

तो मोरपंखी आता पेटीतून संपलाय. कुणाकडे पडून असेल तर आणून द्या. बदल्यात ओले बिबडे मिळतील, मात्र उन्हाळ्यात आणि सकाळी नऊच्या आत यायचं, नंतर वाळतात.