अ‍ॅलॅक अखेर वाजलं, चोर घरातच होता

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा लिनक्सवर काही गाणी वाजेनात म्हणून मी हात टेकले होते. रिदमबॉक्स या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एमपी३ आणि फ्लॅक फाइली झकास, एम४ए मात्र निम्म्या वाजायच्या आणि निम्म्यांवर 'प्लगइन हवं' ही खिडकी. मायक्रोसॉफ्टच्या फॉरमॅटमधल्या डब्ल्यूएमए तर झाडून सगळ्या मुक्या. काल रात्री साडेबाराला सुटलं. बायकोला उठवून सांगणार होतो, पण जिवाची पर्वा आहे.

निम्म्यांचं कोडं आधी उलगडलं. एम४ए हा नुसता डबा. आत आवाज थोडा गाळणारा एएसी आहे की काहीच न गाळणारा अ‍ॅपलचा अ‍ॅलॅक, हे नावावरून कळत नाही. फाइलीत काय आहे ते सांगणारा एफएफप्रोब लावला तर वाजणाऱ्या सगळ्या एएसी, मुक्या सगळ्या अ‍ॅलॅक. बाबांच्या कॅसेटी मेहुण्याने त्याच्या मॅकवर उतरवून दिल्या होत्या, त्या याच. रिदमबॉक्स आवाज उलगडायचं काम जीस्ट्रीमर या यंत्रणेकडून करून घेतो, आणि तिची प्लगइनं 'गुड', 'बॅड', 'अग्ली' अशा संचांत येतात. एएसीचं काम 'बॅड' संचातल्या फाड या प्लगइनवर भागतं. अ‍ॅलॅक आणि डब्ल्यूएमए यांना मात्र एफएफएमपेग या आवाज-चित्र हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या लायब्ऱ्यांवर चालणारं जीस्ट्रीमरचं लिबएव्ही हे प्लगइनच लागतं.

आणि लिबएव्ही तर बसवलेलं होतं! इथे तीन संध्याकाळी गेल्या.

कबुली देतो. मध्यंतरी नव्या एफएफएमपेगच्या हावेपोटी एक बाहेरची रेपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) जोडली होती. तिच्या लायब्ऱ्या लिबएव्हीशी जुळेनात. म्हणून ती काढली आणि माझ्या लिनक्सच्या, म्हणजे डेबियन १२ च्या, मूळच्या एफएफएमपेग ५.१ वर परत आलो. एमपीव्ही या दुसऱ्या प्लेअरमध्ये सगळं वाजायला लागलं, रिदमबॉक्स ढिम्म. लिबएव्ही री-इन्स्टॉल केलं. पुन्हा केलं. मशीन रीस्टार्ट केलं. देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते.

मग वैतागून 'पाहुणा' नावाचा नवा युजर बनवला. त्याच्याकडे पहिल्या फटक्यात वाजलं! म्हणजे सिस्टिम ठीक, घाण माझ्याच होम फोल्डरात. जीस्ट्रीमरची प्लगइनं तपासणाऱ्या जीएसटी-इन्स्पेक्टला 'बी' पर्याय लावला आणि काळ्या यादीत एकच नाव दिसलं: लिबएव्हीचं.

झालं होतं असं. लायब्ऱ्या बिघडलेल्या असताना जीस्ट्रीमरने प्लगइन उघडून पाहिलं, ते उघडलं नाही, म्हणून त्याने कॅशमधल्या रजिस्ट्रीत (प्लगइनांच्या नोंदवहीत) त्यावर काट मारली. फाइलची तारीख किंवा आकार बदलल्याशिवाय तो पुन्हा तपासत नाही. मी दुरुस्त केल्या त्या लायब्ऱ्या. प्लगइनची फाइल तीच. री-इन्स्टॉल केलं तरी पॅकेजमधली जुनीच तारीख येते, त्यामुळे काट कायम. कॅश फोल्डरातली रजिस्ट्रीची फाइल उडवली, रिदमबॉक्स उघडला, आणि आधी टेपची खरखर, मग ऑर्गन, मग नाट्यगीत. ती खरखर इतकी गोड कधीच लागली नव्हती.

जाता जाता, एमपी३ साठी 'अग्ली' संच टाका असं सांगणारे जुने सल्ले आता सोडा. २०१७ मध्ये पेटंटची कटकट मिटली, आणि २०१८ च्या १.१४ पासून एमपी३चा डिकोडर 'गुड' संचात आला आहे. डब्ल्यूएमएचा डबा फोडायला मात्र 'अग्ली' लागतोच, तेव्हा माझ्याकडे तो राहील. बाहेरच्या रेपॉझिटऱ्यांना आता कानाला खडा.

पुढचा बेत अ‍ॅलॅक आहे तसंच ठेवायचा होता. पण हे लिहिता लिहिताच वाटलं, नावावरून आतला माल कळत नाही ही भानगड हवीच कशाला? दोन्हीकडे आवाज जसाच्या तसा राहतो, तर सरळ फ्लॅक करून टाकू. लगेच एका कॅसेटची ए बाजू करून पाहिली. एफएफएमपेगने मुखपृष्ठाचं जेपेग गुपचूप पीएनजी करून फाइल फुगवली. चित्र 'कॉपी' करायला सांगितल्यावर नीट झालं. दोन्हीकडच्या आवाजाचा एमडी५ (आकडेमोडीने काढलेला ठसा) काढला, अक्षर न् अक्षर जुळला. डब्ल्यूएमएला हात लावणार नाही, एकदा गाळलेलं पुन्हा गाळायला नको. बी बाजू आत्ता चालू आहे, तिसऱ्या गाण्यावर पोचली.