होमलॅब नोंद: वाडीतला डेबियन मिरर सुरू झाला

देवगडजवळच्या वाडीतल्या घरातला एकही सर्व्हर आता थेट बाहेर जात नाही. एपीटीला (डेबियन लिनक्सवर पॅकेजं आणून बसवणारं साधन) दिसतो तो फक्त घरातला मिरर, म्हणजे डेबियनच्या पॅकेजांची घरातली प्रत. पावसाळ्यात इथे लाइट आणि रेंज, दोन्हींचा भरवसा नसतो. म्हणून आगोटीला तांदूळ नि सुकी मासळी भरतात तशी पॅकेजांचीही बेगमी केली.

मिरर भरतो रत्नागिरीत, मित्राच्या फायबरवर. तिथे ॲप्टलीने (मिरर बनवायचं साधन) फिल्टर लावून हवी तेवढी पॅकेजं डिपेन्डन्सीसकट (त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांसकट) ओढायची, स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्यायचा, आपल्या कीने (डिजिटल सहीची किल्ली) सही करून पब्लिश करायचं. डिस्क एसटीने वाडीत येते, इथे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर त्यातली पॅकेजं वाढतो. खासगी की रत्नागिरीतच राहते.

ॲप्टली स्वतःची रिलीज फाइल (रेपोची, म्हणजे पॅकेजांच्या साठ्याची, सही केलेली अनुक्रमणिका) बनवतं, हे नीट लक्षात घ्या. डेबियनच्या सिक्युरिटी रेपोच्या मूळ फाइलला साधारण आठवड्याची मुदत असते. ती उलटली की एपीटी अपडेट नाकारतं. आपल्या फाइलला तशी मुदत नाही, म्हणजे जुनाट मिररबद्दल कुणी हटकणारही नाही. त्यासाठी स्नॅपशॉटच्या नावातच तारीख घातली, आणि ती फार मागची असेल तर प्लेबुक (मशीन आपोआप लावून देणाऱ्या अ‍ॅन्सिबलची कामांची यादी) थांबतं.

खरी मजा अ‍ॅन्सिबलमध्ये आली. की जोडणारं जुनं एपीटी-की मॉड्यूल सोडा, ते जिच्यावर चालतं ती एपीटी-की कमांडच डेबियन १३ मध्ये उरलेली नाही. अ‍ॅन्सिबल-कोअर २.१५ पासून डेब८२२ रिपॉझिटरीचं (नव्या पद्धतीने रेपो जोडणारं) मॉड्यूल आहे, सुरेख आहे, पण त्याला त्या मशीनवर पायथन३-डेबियन लागतं. रेपोच नाही तर ते पॅकेज आणणार कुठून? म्हणून मी सोर्सेस फाइल (एपीटीने कुठून पॅकेजं घ्यायची ते सांगणारी) सरळ टेम्प्लेटने लिहितो, तिच्या साइन्ड-बाय या ओळीत कीचा पत्ता देतो. मिररचा पत्ता एकाच व्हेरिएबलमध्ये.

बाहेर जाण्याची गळती होते ती आयत्या रोल्समधून, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार अ‍ॅन्सिबल कामांतून. डॉकरचा असो की पोस्टग्रेसचा, बरेच रोल आपापली रेपो परस्पर जोडतात, आणि बंद नेटवर्कवर टाइमआउटची वाट बघत बसतात. रोल निवडताना मी आता आधी हेच बघतो: रेपो जोडणं बंद करायचं बटण आहे का? नसेल तर तो रोल घेत नाही. शिवाय सोर्सेस-लिस्ट-डी या सोर्सेस फाइलींच्या फोल्डरमध्ये आपल्या यादीबाहेरची फाइल दिसली की प्लेबुक ती काढून टाकतं.

पुढचं काम पिपचं, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणाऱ्या साधनाचं. रत्नागिरीचं मशीन एएमडी६४, वाडीतले रास्पबेरी पाय एआरएम६४, म्हणजे प्रोसेसरची जातच वेगळी. त्यामुळे पिप डाउनलोडला प्लॅटफॉर्म सांगावा लागेल, आणि तो सांगितला की डिपेन्डन्सीसकट ओढताना फक्त तयार व्हील्सच (आधीच बिल्ड केलेली पॅकेजं) घेता येतील. ज्यांची व्हील्सच नाहीत ती इथेच रास्पबेरी पायवर बिल्ड करणार आहे.