आडव्या ओळी, उभ्या ओळी

महिनाभर लेकीकडे नॉर्थ कॅरोलायनात होतो. वॉशिंग्टन पाहिलं, समुद्र पाहिला, दोन्हीकडे मरणाची गर्दी. लिहायला बसलोय ते चॅपल हिलमधल्या एका दुपारसाठी.

तिथल्या विद्यापीठाच्या विल्सन लायब्ररीत अमेरिकेच्या दक्षिणेतले जुने कागद जपून ठेवलेत. पार्किंग शोधण्यातच पाऊण तास गेला. आत पिशवी लॉकरमध्ये, पेन बंद, फक्त पेन्सिल चालते. मी वैतागलो होतो. मग समोर आली अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानंतरची, दक्षिणेतल्या एका शेतकरी घरातली पत्रं. कागद भरला की तो फिरवून आडव्या ओळींवरच उभ्या ओळी लिहिलेल्या! कागद आणि टपालखर्च वाचवायची ही तेव्हाची रीत. लेक डोळे बारीक करून वाचत होती, मी ऐकत होतो.

१८६५ साली हरल्यावर दक्षिणेच्या नोटा रद्दी झाल्या. खेचर नाही, बियाणं नाही. दुकानदार उभ्या पिकावर उधार देणार, पीठ-मीठ त्याच्याच वहीत, कापूस निघाला की त्याच्याच दारात. भाव मात्र उतरतच गेला. मी यवतमाळचा, मला यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. युद्धात यांचा कापूस अडला म्हणून तर आमच्या वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी आजीकडून ऐकल्यात. यांचा कापूस पुन्हा बाजारात आला, आमची चैन संपली. १८७५ साली पुण्याकडच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकाराची कर्जखतं जाळली, त्यामागे ही पडझडही होती.

पुढच्या पत्रात तक्रार होती, की मजूर मिळत नाहीत, मिळाले तर ऐकत नाहीत. मी जोरात मान डोलावली. सोयाबीन काढणीला आम्ही ओट्यावर बसून हेच बोलतो.

"बाबा, हे मजूर कालपर्यंत यांचे गुलाम होते," लेक म्हणाली.

मान तिथंच थांबली. त्या मजुरांची पत्रं कुठं आहेत, मी विचारलं. या राज्यात गुलामाला लिहावाचायला शिकवणं १८३० पासून गुन्हा होता, हे तिनंच सांगितलं. मघाशी वहीत मोठ्या उमाळ्यानं 'आमच्यासारखेच' असं लिहिलं होतं. खोडावं की ठेवावं, कळेना. पेन्सिल असल्यानं खोडणं सोपं होतं, तरी खोडलं नाही.

"पुढची फाईल मागवू?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. बाहेर जावई पार्किंगची वेळ संपल्याचा तिसरा मेसेज पाठवत होता.