नऊ वॅटचा बल्ब पावणेसातवर चालवा

एलईडी बल्बच्या खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात. रोज सहा तास धरले तर अकरा वर्षं. तरी बल्ब वर्ष-दीड वर्षात जातो, कारण तो आतून भाजून निघतो. एलईडी कमी बसवायच्या आणि त्यांच्यातून करंट जास्त सोडायचा, हे स्वस्त बल्बचं गणित.

आत सगळ्या एलईडी सिरीजमध्ये असतात, एक गेली की माळच बंद. गेलेलीच्या पिवळ्या चौकोनावर बहुधा काळा ठिपका दिसतो. दुरुस्तीवाले त्यावर सोल्डरचा थेंब टाकून ती शॉर्ट करतात. बल्ब लागतो, पण बाकीच्यांतून करंट तेवढाच वाहतो, आणि गेलेलीच्या वाट्याचे व्होल्ट आता ड्रायव्हरच्या, म्हणजे करंट आवरणाऱ्या, चिपवर पडतात. थोड्याच दिवसांत दुसरी जाते. करंट कमी केल्याशिवाय ही दुरुस्ती टिकत नाही.

वॉरंटीतला बल्ब खोलू नका, तो बदलून घ्या. बाकीच्यांचं असं करा. बल्ब होल्डरमधून काढा, घुमटाच्या कडेने पातळ सुरी फिरवून सिलिकॉन कापा आणि घुमट उचला. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या दोन टोकांना १० किलोओहमचा रेझिस्टर काही सेकंद लावून तो रिकामा करा; त्यात तीनशेच्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात. एलईडींच्या प्लेटवर चिपच्या पायाशी दोन बारके रेझिस्टर समांतर लागलेले दिसतील; करंट किती ते हेच ठरवतात, ओहम वाढले की करंट घटतो. समजा एकावर २२०, म्हणजे २२ ओहम, आणि दुसऱ्यावर ६८०, म्हणजे ६८ ओहम. दोन्ही मिळून साधारण १६.६. मोठ्या आकड्याचा काढला की २२ उरतात, करंट पाऊण होतो आणि ९ वॅटचा बल्ब पावणेसातवर येतो. उजेड मात्र तेवढ्या प्रमाणात घटत नाही, कारण थंड एलईडी त्याच विजेत जास्त उजेड देते. चुकून लहान आकड्याचा काढलात तर झिरोचा बल्ब तयार!

ॲल्युमिनियमची प्लेट उष्णता ओढून घेते, त्यामुळे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने टाका सुटत नाही. रेझिस्टर बारीक कटरने चिरडून काढणं सोपं. एकच रेझिस्टर असेल तर त्याजागी दीडपट ओहमचा लावा. आणि आत चौकोनी मोठा कपॅसिटर दिसला, चिप नसली, तर तो बल्ब वेगळ्या जातीचा. त्याच्या वाटेला जाऊ नका. घुमट परत बसवल्याशिवाय लाईट लावायची नाही. उघड्या प्लेटवर थेट मेनचा करंट असतो.

बल्ब खोलायचा नसेल तर निदान कोंडू नका. बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसात ओसरीवर बंद काचेचा दिवा लागतोच, तिथे ९ ऐवजी ५ वॅटचा घाला.

शिवारातल्या घरांची अडचण वेगळी. रात्री पंप बंद झाले की लाईनवरचा भार उतरतो आणि व्होल्टेज चढतं. झोपायच्या वेळी मल्टिमीटर लावून बघा. २५० च्या वर जात असेल तर जादा व्होल्ट चिपवरच उष्णता होऊन निघतात, म्हणून तिथे करंट कमी केलेलाच बल्ब हवा. घरातली लाईट एकाएकी झगझगीत आणि शेजारच्यांची मंद झाली तर खांबावरचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. आधी मेन बंद करा, मग फोन.

बेळगावात वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत मोटारी चालू-बंद होताना झटके येतात, वळवात विजेचेही. बोर्डात एमसीबीच्या (आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) नंतर, घराच्या बाजूला, फेज आणि न्यूट्रलमध्ये १४डी४७१के हा व्हॅरिस्टर, म्हणजे झटका स्वतःवर घेणारा भाग, वायरमनकडून बसवून घ्या. पण तो झटक्यापुरताच. न्यूट्रल सुटून तासभर ३५० व्होल्ट आले तर तो स्वतःच जळतो.

होल्डरच्या पिना काळ्या पडल्या असतील तर बल्ब बदलून उपयोग नाही, होल्डरच बदला.