शिळावर्तुळातली टिटवी

आज पहाटेच नागपूरजवळच्या माहुरझरीला गेलो. इथली शिळावर्तुळं लोहयुगातली. काळ्या दगडांच्या या रिंगणांखाली लोक आपली माणसं पुरत. उत्खननात घोड्याच्या डोक्यावर बांधायचा तांब्याचा साज निघालाय, आणि अकीक नावाच्या दगडाच्या मण्यांसाठी तर हे गाव प्रसिद्धच. आम्ही काही उकरत नाही, उचलतही नाही. दिसलं की फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची.

मान खाली घालून मणी शोधत एका वर्तुळात शिरलो, तोच बकऱ्या चारणारे बाबा ओरडले, "अजी भाऊ, थांबा! काहून पुढं जाता? टिटवीचे अंडे हायेत तिथं."

पाय हवेतच राहिला. वीतभर अंतरावर चार अंडी. मातकट, काळ्या डागांची, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. गोट्यांमध्ये इतकी मिसळलेली की मी त्यांना खडेच समजत होतो. डोक्यावर टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत घिरट्या घालत होती.

आम्ही लांब पळसाखाली जाऊन बसलो. बाबा म्हणाले, "चार अंडे, म्हणजे चार महिने पाणी." खरं होवो, यंदा फार गरज आहे. मण्यांचं मग कुणी नावच काढलं नाही.

अर्ध्या तासानं ती उतरली. पोटाची पिसं ओली होती, कुठल्या तरी डबक्यात भिजवून आणलेली. उन्हानं तापलेल्या अंड्यांवर ती हळूच बसली.