जातिलुविह: पाटाच्या कडेकडेनं दोन दिवस

पाटात एक ओंडका आडवा बसवला होता. त्याच्या माथ्यावर दोन खाचा, एक रुंद, एक अरुंद. रुंद खाचेतून जास्त पाणी डावीकडच्या शेतांना, अरुंद खाचेतून कमी पाणी उजवीकडे. ना दार, ना चाक, ना कुलूप. बालीत याला ‘तेमुकु’ म्हणतात. आसपासचं सगळं जग फोटो काढत होतं आणि मी त्या ओंडक्याशी अर्धा तास बसून होतो.

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आजोबांची जमीन सामुदायिक सिंचनाच्या फड पद्धतीत होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, आणि कुठल्या फडात (शेतांच्या गटात) कोणतं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ती पद्धत मी मोडकळीला आलेलीच पाहिली. त्यामुळे बालीला जायचं ठरलं तेव्हा समुद्रकिनाऱ्यापेक्षा जातिलुविह आधी यादीत आलं.

जातिलुविह हे ताबानान जिल्ह्यातल्या पेनेबेल तालुक्यातलं गाव. बातुकारू डोंगराच्या (उंची २,२७६ मीटर) दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर वसलेलं. इथल्या भाताच्या पायऱ्या डोळ्यांत मावत नाहीत. २०१२ साली युनेस्कोनं बालीच्या ‘सुबाक’ या सिंचन व्यवस्थेला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ही शेतं आली. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं उत्तम पर्यटन गावांच्या यादीतही गावाचं नाव घातलं. 

सुबाक म्हणजे एका पाण्यावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना. अकराव्या शतकातल्या ताम्रपटांतही तिचा उल्लेख सापडतो. गाव वेगळं, सुबाक वेगळा. तुमचं घर कुठे आहे याला महत्त्व नाही, तुमच्या शेतात कुठलं पाणी येतं त्यावरून तुमचा सुबाक ठरतो. प्रमुखाला ‘पकासेह’ म्हणतात आणि त्याला सभासदच निवडतात. नियमांची संहिता असते, ‘आविग-आविग’. पाटाच्या साफसफाईला आला नाहीत तर दंड. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या गृहस्थांना (त्यांना ‘पाक’ म्हणायचं, बाईंना ‘इबू’) मी विचारलं, पाणी चोरतो का कोणी? ते म्हणाले, चोरतो, पण रात्रभरच. सकाळी खालच्या शेतात पाणी कमी दिसलं की वरच्याचं नाव सगळ्यांना कळतं.

प्रत्येक पाटाच्या तोंडाशी लहानसं देऊळ आहे, आणि वरच्या पाण्याच्या उगमाशी मोठं. लावणी कधी, शेत किती दिवस पडीक ठेवायचं, हे तिथल्या पूजेच्या दिवसांशी बांधलेलं असतं. ही नुसती श्रद्धेची गोष्ट नाही. १९७० च्या दशकात सरकारनं नव्या बियाण्यासोबत शेतकऱ्यांना सांगितलं की देवळाचं वेळापत्रक सोडा, जमेल तितक्या वेळा भात लावा. मग एका शेतात रोप, शेजारी ओंबी, पलीकडे कापणी असं झालं. किडीला बारा महिने खायला मिळालं, आणि पाणी सगळ्यांना एकाच वेळी कमी पडू लागलं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी नंतर संगणकावर मांडणी करून दाखवलं की शेजारच्या सुबाकांनी एकत्र लावणी आणि एकत्र पडीक ठेवणं हाच पाणी आणि कीड या दोन्हींवरचा चांगला तोडगा आहे. सगळं शिवार एकदम कोरडं पडलं की किडीला आसरा राहत नाही. आपल्याकडे एका फडात एकच पीक घ्यायची शिस्त का होती, ते मला तिथे उभं राहून नीट कळलं. आजोबांना विचारायला हवं होतं, ते राहून गेलं.

इथली खरी ओळख म्हणजे लाल भात. उंच वाढणारं स्थानिक वाण, तयार व्हायला पाच-सहा महिने घेतं. वर्षाच्या सुरुवातीला लावणी आणि जून-जुलैत कापणी. त्यानंतर कमी दिवसांचा पांढरा भात घेतात. मी जूनच्या शेवटी गेलो तेव्हा उतार पिवळा पडत चालला होता. हिरवंगार हवं असेल तर मार्च-एप्रिल बघा. जुन्या पद्धतीत लाल भाताची ओंबी हातात लपेल एवढ्या छोट्या पात्यानं एकेक करून कापतात, देवी श्रीला भीती वाटू नये म्हणून. श्री हे नाव ऐकून आपण दचकतोच. तीच आपली लक्ष्मी, पण इथे ती मुळात भाताची देवी. तिच्या नावानं ओंब्यांची जुडी बांधून कोठारात नेऊन ठेवतात. कापणीनंतर शेतात बदकांचे कळप सोडतात. सांडलेले दाणे, किडे, गोगलगायी सगळं ती वेचतात आणि खतही तिथेच पडतं.

आता जाणाऱ्यांसाठी. देनपासार विमानतळापासून गाडीनं दोन तास धरा, रहदारी असेल तर जास्त. गावापर्यंत सोयीची सार्वजनिक बस नाही, दिवसभरासाठी गाडी-चालक ठरवणं सगळ्यांत सोपं. स्कूटर भाड्यानं घ्यायची असेल तर दुचाकीसाठी वैध आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि शेवटचे रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत. भारतीय पासपोर्टवर आगमनानंतर मिळणारा व्हिसा तीस दिवसांचा, शुल्क ५,००,००० रुपिया. तो आधी ऑनलाइनही काढता येतो. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना १,५०,००० रुपियांचा बालीचा वेगळा कर आहे, तोही आधी भरून ठेवा. गावाच्या वेशीवर प्रवेशशुल्क घेतात, परदेशी माणसाचं वेगळं. सुट्या नोटा जवळ असू द्या.

मुक्काम नक्की करा. बहुतेक गाड्या दहानंतर येतात, दुपारी जेवून निघून जातात. गाव गावासारखं दिसतं ते सकाळी सहा ते नऊ. शेतातून रंगांच्या पाट्यांनी आखलेल्या वाटा आहेत, तासाभराची ते अर्ध्या दिवसाची. लांबची वाट घेतलीत तर माणसं कमी होतात आणि पाटाचा आवाज ऐकू येतो. बूट न घसरणारे हवेत, कारण बांध निसरडे असतात. रात्री गारवा असतो, पातळ स्वेटर पुरतो. डिसेंबर ते मार्च पाऊस जोरात. न्येपी, म्हणजे बालीचं मौनाचं नववर्ष, आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास येतं. त्या दिवशी विमानतळही बंद असतो, तिकीट काढताना तारीख तपासा.

शाकाहारी माणसांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भाज्यांत आणि सांबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) ‘तेरासी’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा, असतो. ‘तानपा तेरासी, तानपा दागिंग, तानपा इकान’ (तेरासी नको, मांस नको, मासे नको) हे पाठ करून जा. लावार ही मिसळ टाळा, तिच्यात मांस असतं, काही वेळा रक्तही. आम्ही लाल भात, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि उराब खाल्ला. उराब म्हणजे उकडलेल्या भाज्यांना ओलं खोबरं आणि मसाला लावलेली कोशिंबीरच. भाजलेल्या लाल तांदळाचा चहा पाकांच्या घरी रोज मिळायचा, तो नाही म्हणू नका.

देवळात जाताना कमरेला सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) आणि त्यावर कमरेलाच शेला लागतो. मासिक पाळी सुरू असलेल्या बायकांना आत येऊ नये अशी पाटी असते. रस्त्यावर पानाच्या द्रोणात फुलं ठेवलेली दिसतात, ती ओलांडू नका, बाजूनं जा.

एक गोष्ट मला खुपली. पायऱ्यांवर चढून, रोपं तुडवून फोटो काढणारे बरेच होते. ज्याच्या शेतात आपण उभे असतो त्याला त्या तिकिटातून किती मिळतं, हा प्रश्न इथेही धुमसतो आहे. शेतात नवं बांधकाम वाढत चाललं तर पाट कुठे जाणार, हे पाकांनी मला दोनदा विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढं केलं की जेवण आणि तांदूळ त्यांच्याच घरून घेतला, रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलातून नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बांधावरून चाललो होतो. समोरून डोक्यावर भारा घेतलेल्या एक बाई येत होत्या. मी चिखलात उतरलो, पाऊल घोट्यापर्यंत रुतलं. त्या न थांबता ‘सुक्समा’ म्हणाल्या, म्हणजे आभार. पाकांनी शिकवलेलं ‘मेवाली’ मी उलट म्हणालो, तोवर त्या दोन पायऱ्या वर पोचल्या होत्या.